गच्चीवरच्या ग्रो बॅगा : चार वर्षांच्या वापरानंतर मापाविषयी

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या दुमजली घराच्या गच्चीवर मी गेली चार वर्षे भाजीपाला लावते आहे आणि त्यासाठी आतापर्यंत तीन प्रकारच्या मिळून साठेक पिशव्या वापरल्या आहेत : विणलेल्या एचडीपीईच्या (एक चिवट, टिकाऊ प्लास्टिक) हिरव्या ग्रो बॅगा, घोंगडीसारख्या जाड कापडाच्या काळ्या फॅब्रिक बॅगा आणि रोपवाटिकेत मिळणाऱ्या साध्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. कंपन्यांची तुलना मी येथे करणार नाही, कारण एकाच जाडीच्या दोन कंपन्यांच्या पिशव्यांत मला सांगण्याजोगा फरक आढळला नाही. फरक पडला तो मापाने. टोमॅटो हाताला लागले की नाही, उन्हाळ्यात दोन दिवस गावी जाता आले की नाही, जुलैच्या पावसात मुळे टिकली की कुजली, हे सारे मापावर ठरत गेले; आणि दुकानात नेमकी मापाविषयीच सर्वांत कमी माहिती मिळते.

पहिली अडचण लेबलावरच्या आकड्यांची आहे. एचडीपीईच्या गोल ग्रो बॅगेवर १२×१२ लिहिलेले असेल, तर भरल्यानंतर तिचा व्यास १२ इंच आणि उंची १२ इंच होते. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीवर तोच १२×१२ हा आकडा असला, तरी तेथे पहिला १२ हा पिशवी सपाट पसरून मोजलेल्या रुंदीचा असतो. मला हे पहिल्या वर्षी ठाऊक नव्हते. किंमत अगदीच कमी म्हणून मी अशा वीस काळ्या पिशव्या आणल्या, त्यांच्यासाठी हिशेब करून माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वर चढवले, आणि सगळ्या पिशव्या भरून झाल्यावर निम्म्याहून अधिक मिश्रण गच्चीवर तसेच ढीग होऊन पडले. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन रोपवाटिकेत गेले, तेव्हा तेथल्या गृहस्थांनी ती काउंटरवर हाताने सपाट केली, वर लाकडी पट्टी ठेवली आणि म्हणाले, "ताई, बघा की, बारा म्हणजे बारा." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सपाट पिशवीची रुंदी १२ इंच म्हणजे तिचा घेर २४ इंच, आणि २४ इंच घेराच्या वर्तुळाचा व्यास साडेसात इंचांहून किंचितच अधिक. अशा पिशवीत जेमतेम ९ लिटर मिश्रण बसते, तर १२ इंच व्यासाच्या ग्रो बॅगेत २२ लिटर बसते. नाव एकच आणि पोट निम्म्याहूनही लहान, हे ज्याने एकदा माती वाहून अनुभवले आहे तो पुन्हा फसत नाही, पण पहिल्या खरेदीच्या वेळी कोणी तरी सांगायला हवे म्हणून इतक्या विस्ताराने लिहिले.

त्यानंतर मी इंचांवर विसंबणे सोडून दिले आणि प्रत्येक पिशवी लिटरमध्ये मोजू लागले. गणित सोपे आहे : इंचांतल्या व्यासाचा वर्ग करावा, त्याला उंचीने गुणावे आणि आलेल्या संख्येला ७८ ने भागावे. या हिशेबाने ९×९ ची पिशवी ९ लिटरच्या थोडी वर, १२×१२ ची २२, १५×१५ ची ४३, १८×१८ ची ७५ आणि २४ इंच व्यास व १२ इंच उंचीची सुमारे ८९ लिटरची भरते. १२ वरून १५ वर जाणे म्हणजे तीनच इंचांचा फरक वाटतो, पण प्रत्यक्षात पोट जवळपास दुप्पट होते, आणि त्याबरोबर मातीचा खर्च व गच्चीवरचे वजनही. फॅब्रिक बॅगा बहुधा गॅलनमध्ये विकल्या जातात. तो गॅलन अमेरिकी, म्हणजे पावणेचार लिटरहून किंचित मोठा असतो. त्यामुळे ५ गॅलनची बॅग १९ लिटरची, म्हणजे १२×१२ पेक्षा थोडी लहान, असे समजून चालावे.

छापील क्षमतेतूनही काही वजावट करावी लागते. पाणी घालायला वर दीड-दोन इंच जागा मोकळी ठेवावी लागते, आणि मिश्रणात पालापाचोळा किंवा अर्धवट कुजलेले खत अधिक असेल तर तीन महिन्यांत ते चांगलेच खाली बसते. मी एका हंगामात निम्मा वाळका पाला घालून पिशव्या भरल्या होत्या. दिवाळीपर्यंत १५ इंचांच्या पिशवीतली पातळी ९ इंचांवर आली होती आणि वांग्याचे झाड खड्ड्यात उभे असल्यासारखे दिसत होते. पाला वाईट नाही, तो कुजून उत्तम खत देतो, पण पाला भरलेल्या पिशवीचे माप काढताना ती बसल्यावर किती उरेल याचाच विचार करावा आणि दर दीड-दोन महिन्यांनी वरून भर घालावी.

आता मुख्य मुद्दा. कोणत्या झाडाला किती मोठी पिशवी, असे विचारले की बहुतेक जण मुळांची खोली सांगतात : मेथीला सहा इंच, मिरचीला दहा, टोमॅटोला बारा. हे चुकीचे नाही, परंतु मुळे आखडल्याने झाड जितके अडते त्याहून किती तरी लवकर ते पाण्यावाचून अडते. जमिनीतले झाड खाली आणि बाजूला पाणी शोधू शकते. पिशवीतल्या झाडाला दोन पाण्यांच्या मध्ये पिशवीत जेवढे साठले तेवढ्यावरच निभवावे लागते. म्हणून पिशवीचा आकार हा माझ्या मते आधी पाण्याच्या टाकीचा आकार आहे, आणि नंतर मुळांच्या घराचा.

याची खात्री करून घेण्यासाठी गेल्या एप्रिलमध्ये मी भंगारवाल्याकडे असतो तसा हुकाचा डिजिटल वजनकाटा आणला. एकाच दिवशी लावलेली, एकाच जातीची, कमरेएवढी झालेली टोमॅटोची दोन झाडे निवडली. एक ९×९ मध्ये होते, दुसरे १२×१२ मध्ये. सकाळी सात वाजता दोघांनाही तळातून पाणी निथळेपर्यंत पाणी दिले आणि निथळणे थांबल्यावर पिशव्यांचे कान हुकात अडकवून वजन केले. लहान पिशवी ८.३ किलो भरली, मोठी १९.८ किलो. दुपारी दोन वाजता लहान पिशवीतल्या झाडाची पाने देठापासून खाली लोंबत होती आणि वजन ६.९ किलो होते. म्हणजे तिच्यातले सहज मिळणारे पाणी दीड लिटरदेखील नव्हते, आणि सात तासांत ते संपले होते. मोठ्या पिशवीतले झाड त्या वेळी ताठ होते, संध्याकाळीही ताठ होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वजन १७.५ किलो आले. त्याने २४ तासांत सव्वादोन लिटरहून अधिक पाणी ओढले होते आणि तरीही त्याच्या वाट्याचे थोडे पाणी पिशवीत शिल्लक होते. १५×१५ ची पिशवी मला एकटीला उचलता येत नाही, त्यामुळे तिचे वजन झाले नाही. पण तिच्यातले तसेच झाड त्याच आठवड्यात दोन दिवस पाण्यावाचून राहिले आणि तिसऱ्या दिवशी दुपारीच काय ते मलूल झाले.

या प्रयोगाने मला आधीच्या वर्षीच्या एका चुकीचाही उलगडा झाला. ९×९ मधल्या टोमॅटोंच्या बुडाशी काळे, चामड्यासारखे खोलगट डाग पडत होते. मी त्याला बुरशी समजून दोनदा फवारणी केली आणि फळे काढून फेकली. तो रोग नव्हताच. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच पोहोचते, आणि झाड रोज दुपारी सुकून संध्याकाळी पुन्हा ओले होत असेल, तर मातीत कॅल्शियम असूनही ते फळाच्या बुडापर्यंत वेळेवर जात नाही. तीच जात १५×१५ मध्ये लावल्यावर, खत तेच ठेवूनही, डाग जवळजवळ नाहीसे झाले. फवारणीवर जो खर्च केला त्यात चार मोठ्या पिशव्या आल्या असत्या.

यावरून सर्वांत मोठी पिशवी घेऊन मोकळे व्हावे असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण मी तोही काढून पाहिला आहे. दुसऱ्या पावसाळ्यात कढीपत्त्याची वीतभर उंचीची तीन रोपे थेट १८×१८ मध्ये लावली, या विचाराने की झाड शेवटी मोठेच होणार आहे, मग पुन्हा पुन्हा हलवायचे कशाला. एवढ्या इवल्या मुळांना ७५ लिटर मातीतले पाणी ओढून घेता येत नव्हते. वरून पाऊस चालू, ऊन नाही, आणि पिशवी महिनाभर चिखलासारखी. शेतकऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर तिला वाफसा येतच नव्हता. माती ओली असावी, पण तिच्यात हवाही खेळावी, ही जी मधली स्थिती, ती लहान रोपाला मोठ्या पिशवीत मिळत नाही. दोन रोपे पिवळी पडून गेली. तिसरे उपटून पाहिले तर मुळांची टोके तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती. ते धुऊन ९ इंचांच्या पिशवीत लावले आणि ते जगले. पुढच्या मार्चमध्ये ते १२×१२ मध्ये गेले, त्याच्या पुढच्या वर्षी १८×१८ मध्ये, आणि आज ते माझ्या खांद्याला लागते. पिशवीच्या कडेला मुळांची पांढरी जाळी दिसू लागली की पुढचे माप, हा क्रम मी आता मोडत नाही. ज्यांचे आयुष्यच दीड-दोन महिन्यांचे आहे अशा भाज्यांना अर्थातच हे लागू नाही.

उंचीविषयी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. भांडी घासायचा साधा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरला, तर थोड्या वेळाने त्यातून पाणी ठिबकणे थांबते. तोच स्पंज उभा केला की पुन्हा पाणी गळू लागते. पिशवीतही हेच घडते. कोणत्याही मिश्रणात तळाशी काही इंचांचा थर निथळून गेल्यावरही चिंब राहतो, आणि तो थर उथळ पिशवीत जवळपास तेवढाच असतो जेवढा खोल पिशवीत. १५ इंचांच्या पिशवीत तळाचे दोन-तीन इंच चिंब राहिले तर वर मुळांना बरीच जागा उरते. सहा इंचांच्या ट्रेमध्ये निम्मी जागा गेली. याच कारणाने उथळ ट्रेमधली माझी कोथिंबीर जुलैत दोनदा सडली आणि हिवाळ्यात त्याच ट्रेमध्ये उत्तम आली. तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी भरण्याची जी पद्धत आहे, तिने हा चिंब थर नाहीसा होत नाही, तो फक्त खडीच्या वर सरकतो आणि पिशवीची उपयोगी उंची तेवढी कमी होते. भोके मोठी ठेवावीत, पिशवी दोन विटांवर उचलून ठेवावी आणि आतली सगळी जागा मिश्रणाला द्यावी.

फॅब्रिक बॅगांचे माझे मत थोडे मिश्र आहे. त्यांचा मोठा गुण खरा आहे : कापडाच्या भिंतीशी आलेले मूळ हवेने टोकाला सुकते आणि मागून नव्या बारीक मुळ्या फुटतात, त्यामुळे प्लास्टिकच्या कुंडीत होतात तशी मुळांची वेटोळी होत नाहीत. दोन वर्षांनी १० गॅलनची बॅग कापून लिंबाचे झाड बाहेर काढले, तेव्हा आतला गोळा सर्व बाजूंनी सारख्या, केसांसारख्या मुळ्यांनी भरलेला पाहून मला फार आनंद झाला होता. परंतु हीच भिंत चारही बाजूंनी पाणीही सुकवते. मार्च ते मे या काळात, कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत, १९ लिटरच्या फॅब्रिक बॅगेतल्या वांग्याला मला सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे लागले, आणि २२ लिटरच्या एचडीपीईतल्या वांग्याला एकदाच. बाहेरच्या बाजूस क्षारांचे पांढरे पट्टेही उमटतात. पुण्यासारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या गावात फॅब्रिक घ्यायचेच असेल, तर एचडीपीईपेक्षा एक माप वरचे घ्यावे आणि बॅगा एकमेकींना चिकटून, दक्षिण-पश्चिमेकडून आडोसा मिळेल अशा ठेवाव्यात. कोकणात, जेथे हवाच दमट असते, तेथे त्या अधिक सोयीच्या ठराव्यात असे मला वाटते.

मोठ्या पिशव्यांचा विचार करताना गच्ची विसरता येत नाही, आणि या बाबतीत मी कोणाशीही तडजोड करणार नाही. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो, इतका वापराचा भार धरतात. १५×१५ ची पिशवी माती, कोकोपीट आणि खत यांच्या समान मिश्रणाने भरून ओली केली की साधारण ४० किलोंची होते. खेटून मांडल्या तर दर चौरस मीटरला अशा सरासरी सहा पिशव्या येतात. त्यांचे वजन २४० किलो झाले. नुसती माती भरली असती तर तोच आकडा ४०० च्या घरात गेला असता. माझी पहिली मांडणी गच्चीच्या मधोमध, एकीला एक खेटून होती, आणि घर बांधताना ज्यांनी आराखडा केला होता त्या इंजिनिअरकाकांनी वर येऊन पाहिल्यावर ती त्याच दिवशी मोडायला लावली. आता सर्व मोठ्या पिशव्या कडेने, तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेवर, मध्ये अंतर सोडून आहेत. मधल्या भागात फक्त पालेभाज्यांच्या हलक्या पिशव्या आहेत. जुनी इमारत असेल किंवा गच्ची सोसायटीची सामाईक असेल, तर १५ इंचांच्या वरची पिशवी मागवण्यापूर्वी जाणकाराला विचारावे. मिश्रणात मातीचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नको, हेही मुख्यतः वजनासाठीच.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात : एचडीपीईचे कापड तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत शाबूत राहिले, पण शिवणीचा दोरा त्याआधीच जातो. दुसऱ्या वर्षी एक भरलेली १२×१२ ची पिशवी दोन कानांना धरून उचलताना तळाची शिवण अख्खी उसवली आणि फळांनी लगडलेली मिरची जमिनीवर आली. घेताना शिवण दुहेरी आहे का आणि दोरा जाड नायलॉनचा आहे का, एवढे उलटवून पाहावे, आणि भरलेली पिशवी कानांना धरून नव्हे तर खालून आधार देऊन हलवावी. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या एका उन्हाळ्यातच तडकल्या आणि त्यांचे तुकडे वेचत बसावे लागले; रोपे वाढवण्यापलीकडे मी त्या वापरणार नाही.

माझ्या गच्चीवर आज जे माप स्थिरावले आहे ते असे. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांना २४ इंच रुंद आणि ९ इंच खोल पिशवी. हिच्यात पसरट जागा मिळते आणि पावसाळ्यातही मुळे बुडत नाहीत. मिरचीला १२×१२, एका पिशवीत एकच झाड. दोन लावली की दोन्ही मिळून एकीएवढ्याच मिरच्या देतात, हे मी दोन हंगाम मोजून पाहिले आहे. मोगराही १२×१२ मध्ये सुखी आहे, त्याला मुळे थोडी आवळलेली चालतात. भेंडीला १२×१२ पुरते, पण उन्हाळी भेंडीला १५ चे माप दिले तर तोडा वाढतो. वांगी आणि उंच वाढणारा टोमॅटो १५×१५ शिवाय मी लावत नाही. दुधी, दोडका आणि कारले यांच्या पानांचा पसारा एवढा असतो की दुपारी त्यांची तहान भागवायला १८×१८ देखील कधी कधी कमी पडते. एका पिशवीत एकच वेल आणि मांडवाखाली पिशवीवर पालापाचोळ्याचे आच्छादन, असे केले तरच दिवसातून एका पाण्यावर भागते. हळद आणि आले यांचे कंद खाली न जाता आडवे पसरतात, म्हणून त्यांना २४ इंच व्यासाची, १२ इंच उंचीची पिशवी. लिंबू सध्या १८×१८ मध्ये आहे आणि आणखी दोन वर्षे तेथेच राहील.

किमतीचे म्हणाल, तर १२ इंचांच्या पिशवीपेक्षा १५ इंचांच्या पिशवीला मी काही रुपयेच अधिक मोजले. खरा वाढीव खर्च आत भरायच्या मिश्रणाचा आहे. कोकोपीटची ५ किलोंची वीट भिजून सुमारे ७० लिटर होते, त्यामुळे १५×१५ च्या पाच पिशव्यांना, तिसरा हिस्सा धरला, तर एक वीट पुरते. पिशवीपेक्षा पोटातल्या मालाचा हिशेब आधी करावा, म्हणजे अर्धी भरलेली पिशवी तशीच ठेवण्याची वेळ येत नाही.

या जूनसाठी मी १५×१५ च्या दहा, १८×१८ च्या चार आणि पालेभाज्यांच्या तीन नव्या पिशव्या मागवल्या आहेत. ९×९ च्या जुन्या पिशव्या फेकल्या नाहीत. त्यांत सध्या मिरचीची रोपे सहा पानांवर आली आहेत, पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळे डोकावू लागली आहेत, आणि पहिला पाऊस ओसरला की ती १२ इंचांच्या पिशव्यांत जातील.